खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्या!

गेल्या मार्चमधली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या फलकावर एक नोटीस लागली. मजकूर जेमतेम चार ओळींचा. मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती असल्यामुळे शुक्रवारी सकाळी पाणी येणार नाही. तरी ज्या इमारतींना जमिनीखालची टाकी आहे त्यांखेरीज इतरांनी गुरुवारी सायंकाळी पाणी भरून ठेवावे, असा. आता आमच्या इमारतीला जमिनीखालची टाकी आहे, आणि ती चांगली दोन दिवस पुरेल एवढी आहे. म्हणजे आम्ही स्वस्थ बसावे, असा त्या नोटिशीचा सरळ अर्थ. पण गुरुवारी सायंकाळी आमच्या २८ बिऱ्हाडांनी जो काही पाणी भरण्याचा सपाटा लावला म्हणता! बादल्या भरल्या, पिंपे भरली, पातेली भरली. एका घरी तर बाळाला आंघोळ घालायचा टबही भरून ठेवला. खाली पंप सारखा घरघरत होता. रात्री साडेनऊच्या सुमारास तो एकदम खाकरला आणि बंद पडला. टाकी कोरडी ठणठणीत! नोटीस लागली नसती तर आम्ही शुक्रवारी सुखाने आंघोळी केल्या असत्या. नोटीस वाचून आम्ही दुष्काळ ओढवून घेतला.

आणि वाचकहो, आमच्याकडे अडाणी कोणी नाही हो! दोन डॉक्टर आहेत, एक वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, आणि ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवलेली मी आहे. सगळ्यांनी नोटीस वाचली होती. सगळ्यांनी 'पाणी येणार नाही' हे वाचले, 'भरून ठेवावे' हे वाचले. मधला 'खेरीज' मात्र कोणाच्याच डोळ्यांना दिसला नाही. मीही दोन हंडे भरले होते. आता लपवून काय करायचे!

ही फजिती मी हसून विसरूनही गेले असते. पण त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, आणि त्याने माझे हसू पार घालवले.

मुलगा हुशार. शाळेत मराठीत पहिला-दुसरा यायचा. पुढे पदवी घेतली आणि आता पुण्याच्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत खुर्ची धरून बसला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवांची परीक्षा देतो आहे. पूर्वपरीक्षेला तीनदा बसला, तीनदा घरी आला. खुल्या गटातल्या उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत एकंदर सहाच वेळा बसता येते. त्यातली निम्मी शिदोरी संपली. गावाकडे वडील शेती बघतात, दर महिन्याला पैसे पाठवतात, आणि दर वर्षी जूनमध्ये "काय झालं?" एवढेच विचारतात. हे 'एवढेच' सांगताना त्याचा आवाज जरा बसला.

"पण गाडी अडते कुठे?" मी विचारले.

"उताऱ्यांवर, बाई."

मला पटेना. इतिहास-भूगोलावर अडली म्हणाला असता तर समजले असते. पण उताऱ्यावर? उत्तर तर समोर छापलेले असते!

त्याने समजावून सांगितले ते असे. पूर्वपरीक्षेला दोन पेपर असतात. दुसऱ्याला ही मुले 'सी-सॅट' म्हणतात. तो २०११ साली सुरू झाला, आणि २०१५ पासून त्याचे गुण क्रमवारीसाठी धरत नाहीत. मात्र त्यात २०० पैकी निदान ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवावेच लागतात. ते नसतील तर पहिल्या पेपरात कितीही दिवे लावलेले असोत, काही उपयोग नाही. दोन तासांत ८० प्रश्न. काही गणिताचे, काही तर्काचे आणि बरेचसे उताऱ्यांवरचे. उतारे इंग्रजीत आणि हिंदीत छापलेले. बरोबर उत्तराला अडीच गुण. चुकले तर त्याचा एक तृतीयांश कापून घेतात.

"शेवटच्या खेपेला मी ६० प्रश्न सोडवले," तो म्हणाला. "नंतर पडताळून पाहिलं तर ३३ बरोबर, २७ चूक."

मी कागद ओढला. ३३ बरोबर, म्हणजे साडेब्याऐंशी. २७ चुकांचे साडेबावीस वजा. राहिले ६०. सहा गुणांनी नापास! उलट त्याने नुसते २७ प्रश्न अचूक सोडवून बाकीच्या वेळात खिडकीबाहेर बघत बसायचे ठरवले असते, तरी साडेसदुसष्ट मिळून तो पार झाला असता. म्हणजे त्याला जे येत होते त्याने त्याला बुडवले नाही. जे येते असे वाटत होते त्याने बुडवले.

"मला शब्द सापडतात बाई, पण उत्तर सापडत नाही," तो म्हणाला. "प्रश्नातला मोठा शब्द धरतो, उताऱ्यात तो कुठे आहे ते शोधतो, तिथलं वाक्य ज्या पर्यायाशी जुळतं त्यावर खूण करतो. आणि नेमकं तेच चूक निघतं."

"असं करायला कोणी शिकवलं तुला?"

तो काही बोलला नाही. नुसता हसला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीच, बाई."

खोटे कशाला बोलू? मीच शिकवले होते. एका वर्गात ६० मुले, मार्च तोंडावर आलेला आणि निकालाची काळजी. तेव्हा मी मुलांना हमखास युक्ती सांगत असे: 'प्रश्नातला ठळक शब्द पकडा, उताऱ्यात तो जिथे असेल ते वाक्य उतरवून काढा, एक तरी गुण पदरात पडेल.' गुण पडतही. त्या युक्तीवर कितीतरी मुले पार झाली, आणि बाईंचा निकाल चांगला लागतो म्हणून माझे नावही झाले. त्या मुलांना उतारा कळला का, हे मी कधी विचारले नाही. आता त्यातलाच एक माझ्यासमोर बसला होता आणि त्याच्या सहांपैकी तीन संधी गेल्या होत्या.

त्याला म्हटले, "दर रविवारी येत जा." आणि त्याच्याबरोबर आमच्या नातीलाही बसवले. ती तेव्हा नववीत होती. यंदा दहावीला आहे. तिच्याकडे प्रश्नपत्रिका नसते, 'कृतिपत्रिका' असते. ८० गुणांच्या मराठीत अपठित उताऱ्याला ४ गुण. चाचणीत बाईसाहेबांना त्या चारांपैकी एक मिळाला होता. कारण विचारले तर म्हणे, "आजी, तो उतारा बोअर होता."

शिकवायचे तर आधी आपण थोडे शोधावे म्हणून मी जरा वाचन केले, आणि एका जुन्या निबंधाने मला अगदी पकडले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१७ साली शाळकरी मुलांच्या वाचनातल्या चुकांवर लिहिले. मुलांना एक लहानसा परिच्छेद दिला होता. फ्रँकलिन गावात सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हजर राहिलेच पाहिजे. मात्र मूल फार आजारी असेल, घरात कोणाला संसर्गाचा रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तर सूट, असा त्याचा आशय. मग प्रश्न. दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या दिवशी शाळेत आले नाही तरी चालेल, यांसारखे. शब्द सोपे, वाक्य एकच. तरी कितीतरी मुलांची उत्तरे भलतीकडे गेली. कोणी 'फ्रँकलिन' या नावालाच धरून बसले, तर कोणी 'शाळा' या शब्दाला. थॉर्नडाइकसाहेबांनी निदान केले ते असे की, मुलांना शब्द कळत नाहीत असे नाही. एखादा शब्द त्यांच्या मनात वाजवीपेक्षा जास्त जोर करतो आणि दुसऱ्याला त्याचे वजनच मिळत नाही. वाचणे हे गणित सोडवण्यासारखे आहे. प्रत्येक आकड्याला त्याच्या जागी धरावे लागते.

हे वाचले आणि मला आमची कोरडी टाकी आठवली. 'पाणी' हा शब्द आमच्या मनात एवढा गर्जला की 'खेरीज' बिचारा दबून गेला.

पहिल्या रविवारी मी दोघांपुढे स्वतः लिहिलेला एक उतारा ठेवला. वाचकांनीही तो जरूर वाचावा. घरात मुले असतील तर त्यांच्या हाती द्यावा.

"जुन्या वाड्यांच्या भिंती जाड मातीच्या असत. मातीची जाड भिंत तापायला वेळ घेते, तशी निवायलाही वेळ घेते. त्यामुळे भर दुपारी वाड्यात गारवा असे. मात्र उन्हाळ्यातल्या रात्री तीच भिंत दिवसभर साठवलेली ऊब आत सोडत राही. म्हणून त्या काळची माणसे अंगणात किंवा गच्चीवर झोपत. मातीच्या घरांचे गुणगान करणाऱ्यांना आज दुपार आठवते, रात्र आठवत नाही. याचा अर्थ ती घरे वाईट होती असा नव्हे. ज्या घराला अंगण होते त्या घराला ती भिंत शोभत होती, एवढेच."

पहिला प्रश्न: वाड्यातली माणसे उन्हाळ्यात रात्री अंगणात का झोपत?

नातीने झटक्यात लिहिले, 'म्हणून त्या काळची माणसे अंगणात किंवा गच्चीवर झोपत.' अंगण सापडले, झोपणे सापडले, वाक्य उतरवले. मी म्हटले, "बाळ, मी विचारलं 'का', आणि तू सांगितलंस 'म्हणून'. कशाम्हणून?" ती वरच्या वाक्याकडे गेली आणि तिला ऊब सापडली. 'म्हणून' हा शब्द मागे बोट दाखवतो, 'कारण' बहुधा पुढे दाखवतो, 'मात्र' आणि 'पण' गाडीचे तोंड फिरवतात. ज्या वाक्यात प्रश्नातला शब्द सापडतो त्या वाक्यात उत्तर असतेच असे नाही. पुष्कळदा ते शेजारच्या घरी बसलेले असते. युक्तीवाल्या वाचकाला एकच घर ठाऊक.

दुसरा प्रश्न पर्यायांचा: लेखकाचे म्हणणे काय? पहिला पर्याय, मातीची घरे सिमेंटच्या घरांपेक्षा चांगली. दुसरा, मातीची घरे राहायला नेहमीच गैरसोयीची होती. तिसरा, मातीच्या भिंतीचा गुण घराच्या बाकीच्या रचनेबरोबर पाहायला हवा. चौथा, मातीची भिंत सावकाश तापते.

आमच्या अधिकारीसाहेबांनी पहिल्यावर खूण केली.

"सिमेंट कुठे आहे उताऱ्यात? बोट ठेव."

त्याने शोधले. नव्हते. "पण बाई, आमचं गावचं घर मातीचं आहे. खरंच गार असतं."

"असेल ना! पण ते तुझं घर झालं. मी या लेखकाचं मत विचारते आहे."

इथे मोठी गोम आहे. त्या परीक्षेत उताऱ्यांच्या वरच छापलेले असते की उत्तरे फक्त उताऱ्याच्याच आधारे द्यावीत. ती सूचना सगळी मुले वाचतात, आणि 'खेरीज'सारखीच वाचतात! विषय ओळखीचा निघाला की उतारा बाजूला राहतो आणि आपलेच मत बोलू लागते. दुसरा पर्याय त्या 'नेहमीच'मुळे पडला. लेखकाने दुपारचा गारवा मान्य केला आहे. 'सर्व', 'कधीच नाही', 'केवळ' असले दांडगे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यातही तेवढाच दांडगा शब्द आहे का, ते पाहावे. चौथा पर्याय सर्वांत लबाड. तो खरा आहे, उताऱ्यात आहे, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. "तू कुठे चाललास?" म्हणून विचारले आणि "माझी चप्पल नवी आहे," असे कोणी सांगितले, तर ते खोटे थोडेच असते? माझ्या विद्यार्थ्याच्या २७ चुका आम्ही पुढे एकेक करून तपासल्या. त्यांत सर्वांत जास्त या जातीच्या निघाल्या.

तिसऱ्या प्रश्नाला नात फसली. 'शोभत होती' म्हणजे काय? तिने लिहिले, 'सुंदर दिसत होती.' शब्दकोशाप्रमाणे चूक नाही. पण या उताऱ्यात भिंतीच्या रूपाबद्दल एक अक्षर तरी आहे का? येथे शोभणे म्हणजे साजेसे, जोगते असणे. शब्दाचा अर्थ विचारला की तो शब्द काढून त्या जागी आपला अर्थ ठेवावा आणि सगळे वाक्य मोठ्याने वाचावे. कान लगेच सांगतो. अवघड शब्दांनी मुले घाबरतात, पण मला विचाराल तर अवघड शब्द फारसा दगा देत नाही. ओळखीचाच शब्द वेगळा पोशाख करून येतो तेव्हा घोटाळा होतो.

मग निष्कर्ष आणि गृहीतक ही दोन भुते. नागरी सेवेच्या पेपरात यांचा सुळसुळाट असतो आणि क्लासच्या पुस्तकांत त्यांच्या लांबलचक व्याख्या असतात. त्या पाठ करून मुलगा अधिकच गोंधळला होता. मी त्याला माझ्या परीने सांगितले. निष्कर्ष हे उताऱ्याच्या पुढचे पाऊल. वरचा उतारा खरा धरला, तर अंगण नाही, गच्ची नाही अशा फ्लॅटला नुसती जाड मातीची भिंत दिल्याने उन्हाळ्यातली रात्र सुखाची जाईलच असे नाही, हे ओघाने येते. लेखकाने ते म्हटलेले नाही, पण नाकारताही येत नाही. गृहीतक हे उताऱ्याच्या मागचे पाऊल. लोक अंगणात झोपत, कारण भिंत ऊब सोडी, असे म्हणताना लेखकाने न बोलता एक गोष्ट धरली आहे.

"कोणती?"

बराच वेळ पंखा फिरत राहिला. मग नातच म्हणाली, "अंगणात रात्री आतल्यापेक्षा गार असतं, ही!"

बरोबर. आता ते उलटे करून पाहा. अंगणही आतल्याइतकेच उकडत असते, तर तिथे झोपायला कोण गेले असते? सगळा युक्तिवाद कोसळला. जे काढून घेतल्यावर लेखकाचे म्हणणे कोसळते ते गृहीतक. जे काढले तरी काही बिघडत नाही, ते कितीही शहाणपणाचे दिसो, गृहीतक नव्हे. एवढे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे आले, ते शाळेत मी शेवटचे कधी पाहिले होते कोण जाणे.

आता पालक मला हमखास विचारतात ते: आधी प्रश्न वाचावेत की उतारा? याच्यावर घराघरांतून वाद आहेत आणि क्लासवाले तर हमरीतुमरीवर येतात. माझे मत सांगते. उतारा दहाबारा ओळींचा असेल तर सरळ उतारा वाचावा. लांब असेल तर प्रश्नांवरून एकदा नजर फिरवावी, म्हणजे काय शोधायचे ते कळते. पण फक्त प्रश्नांवरून, पर्यायांवरून नाही. चार पर्यायांत तीन खोटे असतात. ते आधी वाचले की तीन खोट्या गोष्टी डोक्यात घेऊन आपण उताऱ्यात शिरतो, आणि मग त्या तिथे दिसायलाही लागतात! पर्याय पाहण्याआधी उत्तर आपल्या शब्दांत मनाशी म्हणावे. जमले नाही तर उतारा कळलेला नाही असे समजावे आणि जड अंतःकरणाने तो प्रश्न सोडून पुढे जावे. हे सोडून देणेच आमच्या मुलाला सर्वांत जड गेले. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एकाला दीड मिनिट. कोरी जागा पाहिली की त्याला गुन्हा केल्यासारखे वाटे. शाळेत 'एकही प्रश्न सोडू नका' म्हणून कोणी बजावले होते, ते पुन्हा सांगायला नको.

नातीचे गणित निराळे. तिथे चुकीला दंड नाही, तेव्हा तिने काहीच सोडता कामा नये. तिला सांगितले ते एवढेच, की उत्तर स्वतःच्या वाक्यात लिही आणि विचारले तेवढेच लिही. तिच्या पठित गद्यात 'स्वमत' म्हणून वेगळी कृती असते. तिथे खुशाल आपले मत मांडावे. ही मुले करतात नेमके उलटे. आकलनात स्वतःचे मत घुसडतात आणि स्वमतात उतारा उतरवून काढतात!

पेन्सिलीने रेघा माराव्यात का? माराव्यात, पण बेताने. माझ्या नातीचा उतारा होळीच्या दिवशीच्या सदऱ्यासारखा दिसतो. सगळे वाक्यच पिवळे केले तर महत्त्वाचे काय राहिले? रेघ मारायची ती मोठ्या शब्दांखाली नाही, ते आपोआप दिसतात. 'खेरीज', 'मात्र', 'तरीही', 'उलट', 'निदान', 'फार तर', 'बहुधा' या किरकोळ अंगाच्या मंडळींखाली मारावी. 'निदान पाच' आणि 'फार तर पाच' यांत केवढे अंतर आहे! इंग्रजी उताऱ्यातही हीच जात शोधायची. मराठी माध्यमातून आलेली मुले तिथे अवघड नामांशी झुंजत बसतात आणि 'अनलेस' आपला डोळ्यांदेखत निसटतो.

एवढे सगळे केले की झाले का? नाही. हे अर्धेच आहे, आणि क्लासात विकले जाते तेही हेच अर्धे. दुसरे अर्धे विकत मिळत नाही. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचा एक वृत्तांत वाचायला दिला, आणि वाचलेले मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवायला व सांगायला लावले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले त्यात सरस ठरली. वाचनात पटाईत, पण खेळाची गंधवार्ता नसलेली मागे पडली. आपल्याकडे क्रिकेट घ्या. आमच्या शेजारचा सहावीतला मुलगा धड्याचे एक पान वाचताना दहादा अडखळतो. पण कसोटीचे वर्णन वाचून 'फॉलोऑन का दिला नाही' ते मला समजावून देतो. वाचनाची शक्ती त्याच्यात नाही असे कसे म्हणावे? ज्याचे त्याला काही माहीत असते ते तो वाचू शकतो. म्हणून शेती, बँका, आरोग्य, हवामान, न्यायालये अशा सतरा गोष्टींचे थोडे थोडे वाचन आधीपासून असावे लागते. ते एका उन्हाळ्यात होत नाही. माहिती असली की उतारा चटकन कळतो, आणि उत्तर देताना तीच माहिती मधे लुडबुडते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि ही कसरत प्रत्येकाला स्वतःच शिकावी लागते.

घरच्यांना करता येण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. आमच्याकडे आता रात्री जेवणानंतर दहा मिनिटांचा खेळ चालतो. कोणीतरी एक परिच्छेद वाचायचा: वर्तमानपत्राचा अग्रलेख, विम्याच्या कागदातले एखादे कलम, नाहीतर औषधाबरोबर येते ती घडीची चिठ्ठी. दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत सांगायचा, आणि तिसऱ्याने फक्त एकच प्रश्न विचारत राहायचे, "हे कुठे लिहिलं आहे?" आमचे चिरंजीव मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळा तेच पकडले गेले. गाडीच्या विम्याच्या एका कलमाचा अर्थ ते गेली चार वर्षे उलटा समजत होते, हे त्यांना जेवणाच्या टेबलावर मुलीकडून कळले.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. मुलाचा फोन आला. ४१ प्रश्न सोडवले, बाकीचे छातीवर दगड ठेवून सोडून दिले, म्हणाला. पडताळून पाहता ३४ बरोबर, ७ चूक. म्हणजे ७९ गुणांच्या वर. दुसरा पेपर निघाला! मी देवापुढे साखर ठेवली. पण जूनमध्ये यादी लागली तेव्हा तीत त्याचा क्रमांक नव्हता. पहिला पेपर कमी पडला होता. आता दोन संधी उरल्या.

"वडील काय म्हणाले?" मी विचारले.

"तेच. काय झालं?" तो म्हणाला. मग थोडे थांबून, "बाई, पहिल्या पेपराला काही युक्ती नाही का हो?"

"नाही रे," मी म्हटले. "आणि असली तरी माझ्याकडून घेऊ नकोस."

तो मोठ्याने हसला. रविवारी यायचे त्याने अजून सोडलेले नाही.

नातीला सहामाहीत चारांपैकी साडेतीन मिळाले. अर्धा कुठे गेला म्हणून ती अजून हुज्जत घालते आहे. तिची पेन्सिल आता कुठेही चालते. गणपतीनंतर आमच्या फलकावर पुन्हा एक नोटीस लागली: सोसायटीच्या सभासदांखेरीज इतरांची वाहने आवारात लावू नयेत. शाळेतून येताना हिने दप्तरातून पेन्सिल काढून त्यातल्या 'खेरीज'खाली चांगली दुहेरी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी शेजारी नवी नोटीस होती: फलकावरील सूचनांवर कोणीही रेघोट्या ओढू नयेत.